हंड्याखालचा हात

चौकातला तो हंडा सुनेच्या कधी डोक्यात शिरला नाही. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली आणि मग सगळ्यांना एकदम त्याचा उमाळा आला. वितळलेलं पोलाद ओतायचा एक हंडा कसाबसा वाचला होता. त्याला चंदेरी रंग फासून आठवण म्हणून चौकात चौथऱ्यावर बसवला. तोही सरळ नाही, रस्त्याकडे तोंड कलवून. तसा म्हणे फोटोत छान दिसतो. जिवंतपणी विचारपूस नाही आणि मेल्यावर हारतुरे, दुसरं काय!

बाहेरगावाहून लग्न होऊन आलेल्या सुनेला ती नुसती घराएवढी बादली वाटायची. पण हंडा बसवल्यापासून सासरे रोज उठून त्याच्याखाली जाऊन उभे राहू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हातवारे करू लागले. कारखान्यात क्रेनला खालून इशारे देणं हे त्यांचं काम होतं. झटका आला तेव्हा वाचा गेली, उजवा हात मात्र शाबूत राहिला. त्या हाताने आता चौकात सायकली थांबत होत्या, टेम्पो समोरासमोर अडकत होते आणि टवाळांची करमणूक होत होती. काल नवऱ्याने जाहीर केलं, बाबा कामातून गेले, पुन्हा बाहेर पडले तर खोलीला बाहेरून कडी. कडी नुसती बोलण्यातली नव्हती. स्क्रूसकट पिशवीत घरी आली होती.

खरं सांगायचं तर सुनेचं मनही त्या कडीला ठाम नाही म्हणत नव्हतं. वाचा गेल्यापासून ती चहा घेऊन खोलीत शिरली की सासरे तळवा जमिनीकडे करून बोटं हलवायचे. चालती हो! याचा दुसरा अर्थ कोण कशाला काढेल? एवढं करूनही आपण नकोच, हे तिला फार लागलं होतं. तरी आज दुपारी तिचा डोळा लागला आणि सासरे निसटले, तशी तीच चपला न घालता चौकाकडे धावली. धावताना मात्र माणसाला कोंडायचं हे तिला पटेना.

चौकात रस्त्यापलीकडे क्रेनकाका सायकल धरून उभे होते. सासऱ्यांच्या इशाऱ्यांवर ज्यांनी जन्मभर क्रेन चालवली, ते हे. त्यांना बघून तिला धीर आला. बाबांना समजवा, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं ती म्हणाली.

काकांनी हंड्याकडे पाहिलं. "हंडा कलला म्हणजे ओतणार. ओतताना खाली माणूस नको. तो लोकांना बाजूला काढतोय."

"पण तो रिकामा आहे ना, काका?"

"ते त्याला माहीत आहे गं. हाताला माहीत नाही."

म्हणजे शहाणे की वेडे? तिला काही उलगडेना. काकांना विचारलं, तर ते डोकं खाजवत म्हणाले, मी तरी कुठे जातो खालून, लांबच्या फुटपाथने येतो. आता दोघांची काळजी करायची की कुणाचीच नाही, हेही तिला समजेना.

शेवटी तीच तरातरा हंड्याकडे निघाली. तिला येताना बघून सासऱ्यांनी तळवा खाली केला, बोटं हलवली.

"बघा, इथेसुद्धा हाकलतात मला," ती मागे वळून म्हणाली.

"हाकलतोय?" काका चक्रावले. "अगं, हा 'हळू'. भरलेला हंडा उचलला की तो मला हेच दाखवायचा. सावकाश, सांडेल, भाजेल."

"मग तुम्ही काय म्हणायचा?"

काकांनी सायकलची घंटी एकदा वाजवली. टण्. क्रेनमधूनही ते अशीच घंटा द्यायचे: कळलं, एवढंच; त्या गोंगाटात वरून बोललेलं कुणाला ऐकू येणार होतं? घंटी ऐकताच सासऱ्यांचा हात खाली आला आणि ते गुपचूप तिच्याबरोबर चालू लागले.

वाटेत तिला काठोकाठ भरलेले, वाफाळते कप आठवले. ते तिने फणकाऱ्यात नेले होते आणि आपटून ठेवले होते. तिला रडू आलं, स्वतःचा राग आला, आणि मध्येच हसूही फुटलं.

संध्याकाळी चहा घेऊन ती खोलीत गेली. हात वर आला, तळवा खाली झाला. तिने चमचा कपावर एकदा वाजवला. सासरे तिच्याकडे बघतच राहिले. मग चमचा त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.

तेवढ्यात नवरा कडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तणतणत आला. चौकातली बातमी त्याच्या कानावर गेली होती. ती दारात आडवी उभी राहिली. तिने तळवा खाली केला, बोटं हलवली.

"हे काय आता? मलाच घराबाहेर काढतेस?" नवरा गोंधळून म्हणाला.

तिने हात तसाच ठेवला. आणि तिच्या पाठीमागून, खोलीतून, चमचा कपावर वाजला. एकदाच.