ओरिंगच्या घरची गाठ

"हात लावायचा नाही म्हणजे नाही!" मानाय लुदी ओरडली. "ओरिंगची गाठ म्हणजे काय बुटाची नाडी आहे, कुणीही उठावं आणि बांधावी?"

जोव्हेलिननं हातातली झावळीची पाती खाली ठेवली आणि सासूकडे पाहिलं. सासू, म्हणजे आमची मानाय, सगळ्यांची थोरली ताई, ओरिंग, खुर्चीत बसून होती. तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला.

चर्चच्या मागच्या पडवीत आम्ही सगळ्याजणी पहाटेपासून राबत होतो. मी खवणीवर नारळ खवत होते. गावच्या संताचा सण, दुपारी सगळं गाव जेवायला येणार, आणि सणाचं पिनांगात, म्हणजे अळूचे भरले पुडे, करायचा मान आमच्या 'जुनी चूल' मंडळाचा. आज्यांच्या हातचं काहीही बुडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी आम्ही हे मंडळ काढलं. लुदी त्याची अध्यक्षीण. मनानं वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही.

मायोन ज्वालामुखीच्या पायथ्याला अळू कमरेएवढा वाढतो. त्याच्या पानांत कोळंबी, डुकराचं मांस, आलं आणि मूठमूठ मिरच्या भरायच्या, पुडा झावळीच्या पातीनं बांधायचा आणि नारळाच्या दुधात चुलीवर रटरटू द्यायचा. आमच्याकडे घराघराची गाठ वेगळी. गाठ बघून शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पुडा कुणाच्या घरचा ते. ती आईकडून लेकीकडे जाते. ओरिंगला लेक नाही. त्यात यंदा तिला अर्धांगाचा झटका आला.

ओरिंगचा जन्म बसथांब्यावर गेला. फाटकी छत्री, पातेलं आणि ती. मनिलाच्या बसचे ड्रायव्हर गाडी थांबवून तिची गाठ बघून पुडे घ्यायचे. दुसऱ्या कुणी पुढे केले तर म्हणायचे, "राहू दे, म्हातारीचेच हवेत." म्हातारी कसली, तेव्हा तिशीतली होती! ओरिंग खुदकन हसायची आणि एक पुडा फुकट वर टाकायची.

"लेकीला देतात गाठ, सुनेला नाही," लुदी पुन्हा म्हणाली. "आणि सून कुठली, तर लांब उत्तरेच्या इलोकोसची! हिच्या माहेरी दिसेल त्यात माशाचं खारं पाणी ओततात. अळू कशाशी खातात हे तरी ठाऊक आहे का हिला?"

"मग करायचं काय?" मी खवणी सोडून उठलेच. "गाठ ओरिंगबरोबर पुरायची? मंडळ कशाला काढलं मग, वर्गणीचा चहा प्यायला?"

बोलले आणि जीभ चावली. ओरिंग समोरच बसलेली! पण ती वाकड्या तोंडानं हसली. मग डावा हात उचलून तिनं सुनेकडे बोट केलं.

"माझा... हात... ही."

धुसफुसत लुदी भात बघायला गेली.

जोव्हेलिन सासूच्या समोर मांडी घालून बसली. ओरिंग डाव्या हातानं दाखवायची, ती समोरून बघून तसंच करायची. झटका आल्यापासून घरी रोज असंच चाललं होतं म्हणे. पुड्यांची रास वाढली तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओरिंगच्या गाठीचं टोक उजवीकडे यायचं, हिचं डावीकडे येत होतं. समोर बसून शिकलेली पोर, आरशातल्यासारखं उलटं उचललं होतं तिनं. मी ओरिंगकडे पाहिलं. तिलाही दिसत होतं. तिनं पुढची पाती सुनेकडे सरकवली.

पातेलं चुलीवर चढलं. आता खरी परीक्षा. अळू शिजेस्तोवर पळी घालायची नाही. ढवळलं की खाजलंच. दूध उतू जाईल असं वाटतं, हात शिवशिवतात, आमच्यातल्या भल्याभल्या इथंच फसल्यात. जोव्हेलिन दोन्ही हात काखेत दाबून चुलीपुढे बसली. लुदी तीनदा येऊन झाकणाकडे बघून गेली. पोर जागची हलली नाही.

आमच्यात रीत अशी की पहिला पुडा रांधणारीनं सगळ्यांसमोर खायचा. घसा खवखवला तर पातेलं डुकरांपुढे, आणि त्या घराचं वर्षभर हसं. ओरिंगला आता पेजेपलीकडे काही गिळता येत नाही. म्हणून घास सुनेनं घेतला.

जोव्हेलिननं चावला, गिळला आणि तिला ठसका लागला. डोळ्यांतून धारा, चेहरा लालबुंद.

"गेलं!" लुदीनं कपाळावर हात मारला. "सांगत होते की नाही? खाजलं!"

मला तर ओरिंगकडे बघवेना. तिच्या गाठीचं सगळं त्या घासावर आलं होतं.

"खाजलं नाही हो, मानाय!" जोव्हेलिन कशीबशी बोलली. "तिखट! तुम्ही लोक भाजीत मिरच्या घालता की मिरच्यांत भाजी?"

लुदीनं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच पुड्यातला घास तोडून तोंडात टाकला. तिनं चावला, गिळला, घशावरून हात फिरवला.

"भात वाढा गं," ती म्हणाली. "बघत काय बसलात!"

अशा हसलो आम्ही, की पाद्रीबाबा बघायला आले.

दुपारी अंगणातल्या लांब टेबलावर केळीची पानं अंथरली आणि त्यावर पुडे मांडले. जुना बसड्रायव्हर मानोय तुरिंग, सगळ्यांचा थोरला दादा, आला. आता त्याला नीट दिसत नाही. त्यानं एक पुडा उचलला, सवयीनं गाठीवरून अंगठा फिरवला आणि थबकला.

"ओरिंगचीच की," तो म्हणाला. "पण उलटी पडलीये. चुकलीस का गं पोरी?"

लुदी तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचा पदराएवढा मोठा एप्रन ओढला. जोव्हेलिन खाली मान घालून उभी.

ओरिंगनं डावा हात पुढे केला. तुरिंगच्या हातातला पुडा घेतला, गाठ न सोडता, न सारखी करता, सुनेच्या ओंजळीत ठेवला. शब्द जुळवायला तिला बराच वेळ लागला.

"चुकली... नाही," ती म्हणाली. "आता... अशीच."

मग जोव्हेलिननं तो पुडा तुरिंगच्या पानावर वाढला. आणि थोडी थांबून, बसथांब्यावर सासू टाकायची तसा, आणखी एक वर टाकला.