शेवटचा येईल त्याचा पंखा

जन्मशताब्दीच्या वर्षी, एप्रिलात, शिंदखेड्याला आमच्या वस्तीत जयंतीनिमित्त सावकाश सायकलची शर्यत ठेवली. पाय न टेकवता जो सगळ्यात शेवटी पोचेल, त्याला टेबलफॅन. घरी माझी तान्ही पोर घामोळ्यांनी रडून हैराण होती, म्हणून तो पंखा मला हवाच होता. माझा नवरा जीवराम तसा समजूतदार, पण सायकलवर बसला की अक्कल कॅरिअरला बांधून ठेवतो.

शर्यत सकाळची, पण पाहुणे उगवले ते ऊन डोक्यावर आल्यावर. बाकीचे गडी लिंबाखाली टेकले, ओले रुमाल डोक्याला गुंडाळून गप्पा छाटत बसले. आमचा बहाद्दर उघड्या मैदानात सराव करत होता. मी तांब्या घेऊन मागे मागे.

"तुमी पहिले पानी प्या बरं!"

"पानी पीसन पोट डुचमळस. तोल जास."

ही विद्या त्याला कोणी शिकवली कोण जाणे!

फेऱ्या सुरू झाल्या. एकेक जण बाद होत गेला. शेवटी दोघेच उरले, हा आणि शेजारचा मोतीलाल. मोतीलाल प्रत्येक फेरीनंतर पोटभर पाणी पिऊन येई; हा उन्हात तसाच उभा. शेवटच्या फेरीत मोतीलाल रेघेजवळ पोचत आला. आमचा बराच मागे होता, म्हणजे जिंकतच होता. लोक टाळ्या पिटत होते.

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. सकाळपासून घामाने पाठीला चिकटलेला सदरा आता कोरडा ठणठणीत होता. तोंड लालबुंद, आणि स्वारी कोणाकडेही न बघता आपली हसत होती. घाम आटला, म्हणजे याला ऊन लागलं.

आखणीत बाहेरचं कोणी शिरलं की गडी बाद, हा नियम मला ठाऊक होता. टेबलावरचा पंखाही दिसत होता. मी लिंबाखालची बादली उचलली, फक्कीची रेघ ओलांडली आणि सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

"कुंदाबाई, तुना नवरा बाद व्हयना!" माइकवरून बन्सीलाल आबा ओरडले.

तो सायकलसकट कलंडला, तसं चौघांनी त्याला उचलून सावलीत निजवलं. मानेवर, काखेत ओली फडकी ठेवली. जरा शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. बोलता यायला लागल्याबरोबर तो माझ्यावरच खेकसला, "कसाले टाकं पानी? मोतीलाल पोचनाच व्हता!"

"पंखा बाजारमा भेटस. तुमले कोठून आनसू मी?" भांडायचं होतं, पण रडूच आलं.

मोतीलालने बक्षीस घेतलं, माइकवाल्याकडून वायर ओढली आणि पंखा लिंबाखाली आणून याच्याच तोंडासमोर लावला. सगळे हसले. रुसलेला माणूस डोळे मिटून ते वारं खात पडला.

संध्याकाळी घरी तो माझ्याकडे पाठ करून पडला होता. मी पोरीला पुठ्ठ्याने वारा घालत होते, मनगट भरून आलं होतं. केव्हातरी त्याने तो पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला.

"आते तू पडी ऱ्हाय."

मी आडवी झाले. पोर कधीच झोपली होती, तरी त्याचा हात चालूच होता, आणि वारा सगळा माझ्याच बाजूला येत होता.