डॉक्टर गेले

डॉक्टरांनी आयुष्याची वीस वर्षं मनोरुग्णांच्या इस्पितळात काढली आणि उरलेली मंत्र-तंत्रावर पुस्तकं लिहिण्यात. इस्पितळातले सहकारी त्यांना पाठीमागे ‘भूतवैद्य’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांचं सांगणं कडक होतं. कुणी म्हणालं, मला घरात सावली दिसते, तर ते सावली खरी की खोटी या भानगडीत पडत नसत. विचारत, “ती तुमच्याकडून काय करवून घेते?” विधी, चिन्हं, मंत्र ही सगळी त्यांच्या मते मनाचं कुलूप उघडायची हत्यारं. दार उघडलं की टाकून द्यायची. आणि गुरूसुद्धा त्यातच आला.

हे बोलून ते थांबले नाहीत. दर रविवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमत. एकदा एक बाई त्यांच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करताना दिसली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मंडळ मोडलं. “उद्यापासून इथे यायचं नाही. फोनही नको,” म्हणाले. बायको आधीच कंटाळून निघून गेली होती. बहिणीशीही त्यांनी बोलणं टाकलं. नाती म्हणजे दोऱ्या, असं स्वतःच लिहिलं होतं. मग मागे कसं हटणार?

सगळ्यांनी त्यांचं ऐकलं. फोन खरोखरच आले नाहीत. डॉक्टर एकटेच जेवत, रेडिओ लावून ठेवत आणि कधीकधी त्यातल्या बातमीदाराशी वाद घालत. मध्यंतरी एका आजारपणात केस गेले, अंग निम्मं झालं.

बऱ्याच वर्षांनी, चष्मा दुरुस्त करून परत येताना, एका सभागृहाबाहेर त्यांना स्वतःचा फोटो दिसला. फोटोखाली लिहिलं होतं, त्यांच्याच शिकवणीवर व्याख्यान. डॉक्टर आत जाऊन मागच्या रांगेत बसले.

व्यासपीठावर रविवारच्या मंडळातला एक फोटोग्राफर होता, त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. तो छान बोलत होता. मधेच तो म्हणाला, “डॉक्टर गेले, पण त्यांची दृष्टी आपल्याजवळ आहे.” सगळं सभागृह उभं राहिलं. डॉक्टरही उभे राहिले. दुसरं काय करणार?

शेजारच्या निळ्या साडीतल्या तरुण बाईने डोळे पुसले. खाली बसताना हळूच विचारलं, “काका, तुम्ही पाहिलं होतं का त्यांना?”

“हो. रोजच.”

“कसे होते हो?”

डॉक्टरांनी विचार केला. “हट्टी,” ते म्हणाले. “आणि घरात फारसं कुणी नसायचं.”

“एवढा मोठा माणूस!” ती हळहळली. “मला एकदा तरी भेटायचं होतं. आई गेल्यापासून मला फार भीती वाटते.”

त्यांना तिला खूप काही विचारावंसं वाटलं. पण टाळ्या सुरू झाल्या आणि ती उठून पुढे, फोटोग्राफरची सही घ्यायला गेली.

गर्दी ओसरल्यावर फोटोग्राफरची नजर त्यांच्यावर पडली. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. त्याने त्यांना पडद्यामागे नेलं.

“मी फक्त ‘गेले’ एवढंच म्हणालो होतो, डॉक्टर. आमच्यातून गेले, या अर्थाने. लोकांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला.”

“आणि तू दुरुस्त केला नाहीस.”

“तुम्हीच तर म्हणायचात, गुरू टाकून द्या.” त्याने पडद्याआडून सभागृहाकडे पाहिलं. “खरं सांगू? तेव्हापासून लोक जास्त येतात. आता सांगायचं का त्यांना?”

डॉक्टरांना हसू आलं. ते फार टिकलं नाही. “राहू दे,” ते म्हणाले. “त्या निळ्या साडीतल्या बाईशी मात्र नीट बोल. तिला व्याख्यान नको आहे.”

घरी येऊन त्यांनी बूटही काढले नाहीत. बहिणीचा नंबर फिरवला. ती घरीच होती.

“ताई, मी आहे अजून.”

पलीकडून माणसांच्या बोलण्याचे आवाज येत होते.

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “तूच नको म्हणाला होतास.” मग तिने विचारलं, “जेवलास का?”

“नाही.”

“मग जेव आधी. माझ्याकडे पाहुणे बसलेत. करते नंतर फोन.”

“नक्की?”

“करते म्हटलं ना.”

डॉक्टरांनी रेडिओ बंद केला आणि खुर्ची ओढून फोनजवळ बसले. बाहेर अजून ऊन होतं.