डॉक्टरबाईंचा उतरलेला टायर

शर्यतीच्या मैदानावर तिला सगळेच वहिनी म्हणत. झालं असं, की पहिल्यांदा ती आली ती दिराबरोबर. दीर ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याला हळू चाललेलं काही सोसत नसे. त्यानं गेटापासूनच "वहिनी, हेल्मेट! वहिनी, हातमोजे! वहिनी, इकडून!" असा जो सपाटा लावला, तो दुपारपर्यंत साऱ्या मैदानाच्या तोंडी बसला. झेंडेवाले वहिनी म्हणू लागले, कॅन्टीनवाली वहिनी म्हणू लागली, साठी उलटलेले टायरवाले काकासुद्धा वहिनी म्हणू लागले. आधी तिला लाजल्यासारखं झालं. मग मनात आलं, असू दे, एवढे दीर कुणाच्या नशिबी असतात?

ती यायची ट्रॅक-डेला. म्हणजे फी भरायची, आपली मोटरसायकल आणायची, आणि रस्त्यावर जो वेग घेता येत नाही तो बंद मैदानात घ्यायचा. तिथं शर्यत नसते. कुणी घड्याळ लावत नाही, कुणी नंबर काढत नाही. मागून कोणी जोरात आलं तर त्याला वाट द्यायची, आणि पुढच्याच्या अंगावर जायचं नाही, हा पहिला धडा. वहिनीच्या स्वभावाला तो धडा म्हणजे दुधात साखर. घरात, बसच्या रांगेत, चामडी पिशव्या शिवायच्या कारखान्यात ती जन्मभर हेच करत आली होती. फरक एवढाच, की इथं वाट देतादेता ती स्वतःच इतकी वेगात जाऊ लागली, की तिला वाट मागणारं कोणी उरेना.

"आता शर्यतीत ये," एक दिवस डॉक्टरबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. वय पंचावन्नच्या पुढं, केस चांदीचे, आणि जीभ दवाखान्यातल्या ड्रिलपेक्षा धारदार. हौशी शर्यतींमध्ये त्या वर्षानुवर्षं पहिल्या तिघांत असत. वळणात नजर कुठं ठेवायची, ब्रेक कधी सोडायचा, हे वहिनीला त्यांनीच शिकवलं होतं, तेही "आ करा" म्हणावं तशा आवाजात.

"शर्यत मला कशी परवडणार, बाई?" वहिनी म्हणाली. "टायरचं काय?"

खरं दुखणं तेच होतं. ट्रॅक-डेचा टायर बिचारा सोशिक. एक जोडी सबंध मोसम काढते. शर्यतीचा टायर मात्र लाडावलेला. तापला की डांबराला मिठी मारतो, पण तापून थंड झाला, पुन्हा तापला, पुन्हा थंड झाला, की रुसून बसतो. वरून पाहावं तर नवा कोरा, आणि पकड विचाराल तर नावाला. पुढं राहायचं असेल त्यानं दर शर्यतीला नवा घालावा. वहिनीचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो तिला कधीच नाही म्हणाला नसता, आणि म्हणूनच तिनं स्वतःलाच बजावलं होतं, की घरच्या पैशांच्या डब्यात या हौसेसाठी हात घालायचा नाही.

दीर म्हणायचा, "वहिनी, एवढ्या टायरांच्या पैशांत घरी नवा सोफा येईल."

"आणि सोफ्यावर बसून वळणात गुडघा कुठं टेकवू, भाऊजी?"

डॉक्टरबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला. "माझे उतरलेले टायर गॅरेजच्या कोपऱ्यात लोळत असतात. तुझी गाडी तीच, चाकाचं माप तेच. घेऊन जा."

"फुकट कसे घेऊ?"

"मग माझा सूट शिव. मागच्या पडण्यात कोपरापासून गुडघ्यापर्यंत उसवलाय. शिंप्याकडे दिला तर तो म्हणतो, नवा घ्या."

वहिनीनं तो चामडी सूट घरी नेला, आणि कारखान्यातल्या जाड सुईनं असा शिवला की कुठं फाटला होता ते डॉक्टरबाईंनाही सांगता येईना. त्या दिवसापासून ती डॉक्टरबाईंच्या उतरलेल्या टायरांवर चालवू लागली. प्रत्येक जोडी दोन्ही हातांनी घ्यायची. मैदानात उतरण्याआधी टायरवर तळवा ठेवून क्षणभर डोळे मिटायची. दीर म्हणायचा, हवा बघताय का? ती म्हणायची, हो, तेच.

पहिल्या शर्यतीचा रविवार आला. सकाळी एक शर्यत, दुपारी एक. आदल्या दिवशी सराव संपल्यावर डॉक्टरबाईंनी आपला मागचा टायर काढून वहिनीसमोर टेकवला. "उजवी कड गेलीय. डावी अजून अख्खी आहे."

मैदानाची बहुतेक वळणं उजवी, त्यामुळे टायर नेहमी उजव्या अंगालाच झिजे. दिरानं डोकं खाजवलं. "काका, हा रिमवर उलटा करून बसवला तर? डावीकडची कड उजवीकडे येईल."

टायरवाल्या काकांनी टायर फिरवून पाहिला. "पुढचा असता तर मी हात लावला नसता. मागचा आहे, चालतं. गरजू लोक करतात." मग वहिनीकडे बघून म्हणाले, "आणि शहाणेही करतात."

असा तो टायर कूस बदलून वहिनीच्या गाडीवर चढला.

सकाळच्या शर्यतीत वहिनीची छाती इतकी धडधडत होती की इंजिनाचा आवाज कमी वाटावा. झेंडा पडला, गाड्या मधमाश्यांसारख्या उठल्या. पहिली फेरी तिनं निव्वळ श्वास रोखून काढली. मग हळूहळू ध्यानात आलं, की पुढचे जवळ येताहेत. उजव्या वळणात गाडी झोपवली की टायर डांबराला असा धरायचा, जसा आईनं गर्दीत पोराचा हात धरावा. एक गेला, दोन गेले, आणि मग समोर तिच्याच हातची शिलाई दिसली. डॉक्टरबाईंचा सूट. तिसरी जागा.

दोन फेऱ्या वहिनी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून होती. तिला स्वच्छ दिसत होतं, की लांबच्या उजव्या वळणातून बाहेर पडताना आपण जास्त वेगात आहोत. पुढं जाणं अवघड नव्हतं. पण वेगाची मूठ पिळायला गेली की मन म्हणे, कुणाच्या टायरवर बसली आहेस? ज्यांनी शिकवलं, ज्यांनी दिलं, त्यांनाच मागं टाकणार? शेवटून दुसऱ्या फेरीला डॉक्टरबाई वळणात जरा बाहेर गेल्या. आतली बाजू दार उघडं टाकावं तशी मोकळी झाली. आणि वहिनीनं, देवाशपथ, डावा हात उचलला आणि "तुम्ही व्हा पुढं" अशी खूण केली. लग्नाच्या पंगतीत करावी तशी.

डॉक्टरबाई तिसऱ्या आल्या, वहिनी चौथी. दीर नाचत होता. "पहिल्याच शर्यतीत चौथी! वहिनी, पेढे राहू द्या, आधी ते हात दाखवायचं काय होतं ते सांगा. माशी होती का?"

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. हेल्मेट काखेत, ओठ घट्ट मिटलेले.

"तो टायर काढ."

दीर हसायचा थांबला. "अं?"

"माझा टायर. काढून दे. आत्ता."

वहिनी पुढं झाली. "बाई, माझं काही चुकलं का? मी तुमच्या अंगावर आले नाही, तुम्हाला त्रास दिला नाही..."

"तेच तर! मला वाट दिलीस. भर शर्यतीत हात करून! मी काय म्हातारी आहे का, रस्ता ओलांडायला थांबलेली?"

"तुमच्याच टायरवर बसून तुमच्या पुढं कशी जाऊ? बरं दिसतं का ते?" वहिनीचे डोळे भरून आले. "तुम्ही नसता तर मी या मैदानात उभीही नसते."

 डॉक्टरबाई दिरानं पुढं केलेल्या स्टुलावर बसल्या, आणि गुडघ्यावरची शिलाई बोटानं चाचपत म्हणाल्या, "तू हे शिवलंस. त्यानंतर मी तुझ्यासमोर कधी हळू चालवली?"

"नाही."

"मला आभार मानायचे नव्हते म्हणून?"

वहिनीनं नकारार्थी मान हलवली.

"हे बघ," त्यांचा आवाज उतरला. "या वयात मला रोज आरशात एकच प्रश्न पडतो, की अजून जमतंय का. त्याचं उत्तर फक्त मागून येणारा देऊ शकतो, तेही खरं बोलला तर. आज मी तिसरी आले, पण ती जागा माझी की तू सोडलेली, मला ठाऊक नाही. ते माझ्याकडून काढून घेतलंस तू. दुपारी खरी चालवणार असशील तर टायर ठेव. नाहीतर परत दे, मी कोपऱ्यात टाकते. तिथं तो निदान कुणाचं ओझं होणार नाही."

त्या उठून गेल्या. दिरानं पाना हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. "वहिनी, खोलू का ठेवू?"

वहिनी चाकापाशी बसली. लहानपणापासून तिला वाटायचं, की उपकार म्हणजे मान खाली घालायचं कारण. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या मागं चालावं. आज प्रथमच तिला कळत होतं, की कधी कधी देणारा वळूनवळून पाहत असतो, की ही शेजारी का येत नाही? आणि आपण मागं मागं राहून त्याला एकटं पाडत असतो.

"ठेवा, भाऊजी," ती म्हणाली. "आणि हवा तेवढी नीट बघा. मी नुसता हात ठेवते, मला त्यातलं कळत नाही."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," दीर म्हणाला.

दुपारची शर्यत. तिसऱ्या फेरीला पुन्हा समोर तीच शिलाई. लांबचं उजवं वळण आलं. वहिनीनं आतली बाजू धरली, मूठ पिळली, आणि डॉक्टरबाईंच्या कोपराला वारा लागावा इतक्या जवळून पुढं गेली. हेल्मेटच्या आत तिच्या तोंडून "माफ करा" निघालंच. सवय कुठं एका दुपारीत जाते! पण मूठ सैल झाली नाही.

पुढच्याच सरळ रस्त्यावर डॉक्टरबाई भर्रकन शेजारून निघून गेल्या, जाताना मान वळवून. वहिनीनं पुन्हा गाठलं. त्यांनी पुन्हा मागं टाकलं. कठड्याशी दीर आणि टायरवाले काका एकमेकांचे खांदे बुकलत होते. कोण कुणाच्या बाजूनं ओरडतंय हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या फेरीला वहिनी पुढं होती. शेवटचं वळण, उजवं. तिनं गाडी झोपवली, आणि मागचं चाक हलकेच सरकलं. टायरनं जेवढं होतं तेवढं सगळं दिलं होतं. एक कड आधीच गेलेली, दुसरीही आज संपली. तिनं गाडी सावरली, पण सावरताना जो एक श्वास गेला, त्यात डॉक्टरबाई आतून घुसल्या आणि अर्ध्या चाकानं झेंड्याखालून आधी गेल्या.

तिसऱ्या डॉक्टरबाई. चौथी वहिनी. नंबर सकाळचेच.

शर्यतीनंतरच्या, इंजिन थंडावण्याच्या फेरीत डॉक्टरबाईंनी वेग कमी केला आणि तिला शेजारी येऊ दिलं. त्या दोन्ही हात सोडून हसत होत्या, खांदे गदगदत होते. मग त्यांनी काच वर केली आणि ओरडल्या, "खरी होती?"

"अगदी खरी!" वहिनी ओरडली. "सगळं लावलं होतं, बाई! होतं नव्हतं ते सगळं!"

"मग मी अजून आहे गं!"

"आहात ना! चांगलंच हरवलंत की मला!"

आणि हे ओरडताना तिला इतकं हलकं वाटलं, जणू मणभर ओझं कुणी खांद्यावरून उचलून घेतलं. झेंडेवाले आपापल्या जागी उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहिनीनं प्रत्येकाला मान लववली. डॉक्टरबाईंनीही लववली. दोन्ही गाड्या अगदी हळू, जोडीनं, भाजी आणायला निघाल्यासारख्या, गाड्या उभ्या करायच्या पिटकडे वळल्या. हेल्मेटच्या आत वहिनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानत होती, मोठ्यानं, अगदी मान वर करून, आणि पिट आलं तरी नावं संपत नव्हती.