थंडगार पाजलेली स्टाउट

धाकट्या भावाने माझ्यासमोर स्टाउटचा, काळ्या बियरचा, ग्लास ठेवला, तो बर्फासारखा गार होता. पाणी कुठंतरी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं.

शेजारी हॉटेलवाल्या बाई तसाच ग्लास घेऊन बसल्या होत्या. त्यांची बरीच हॉटेलं आहेत आणि कुठली बियर ठेवायची हे त्या माझ्या जिभेवर सोपवतात. भावाला हे ठाऊक नव्हतं. मला दारातून आत येताना बघून त्याचा चेहरा असा पडला की माझा अर्धा सूड तिथंच वसूल झाला. उरलेला अर्धा मी सोडणार नव्हते. बाईंनी नकार दिला तर त्याला वडिलांचा बियरचा कारखाना विकावा लागणार होता.

ही काळी बियर माझी. सातू किती काळा भाजायचा, कुठल्या वासाला थांबायचं, हे मी वडिलांच्या हाताखाली बोटं पोळून घेत शिकले. वडील गेले आणि हा म्हणाला, "ताई, तू फार राबलीस, आता आराम कर." पुढच्या आठवड्यात कारखान्याचं कुलूप बदललेलं होतं. केसाने गळा कापला माझा, तोही हसत.

मी परीक्षा प्रामाणिकपणे सुरू केली. ग्लास उजेडात धरला. काळाभोर, कडेला तांबूस झाक. फेस दाट, बदामी. घोट घेतला, तोही मऊ, कॉफीसारखा कडवट. मी मान डोलावली. भावाने सुटकेचा निःश्वास टाकला, बाईंनी सहीसाठी पेन उचललं.

"थांबा," मी म्हटलं. "ग्लास तळव्यांत धरा. जरा ऊब लागू दे."

"ताई, बियर गारच पितात," भाऊ घाईने म्हणाला.

"पिणारे पितात. पारखणाऱ्यांनी थांबायचं असतं. गारठ्यात जिभेला काही कळत नाही."

आम्ही दोघी ग्लास धरून बसलो. तो नव्या बाटल्यांबद्दल, नव्या लेबलांबद्दल बडबडत राहिला. त्याच्या कपाळावरचा घाम बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग आम्ही घोट घेतला. बाईंचं तोंड वाकडं झालं.

"आंबलीय ही," त्या म्हणाल्या आणि पेन पर्समध्ये ठेवून निघून गेल्या.

आंबण्याचं कारण मला पहिल्याच कोमट घोटाला कळलं होतं. टाकीच्या नळात आत एक रबरी चकती असते. टाकी कितीही धुवा, तिच्यामागे घाण साचते आणि तीच बियर आंबवते. दर खेपेला मी ती नखाने काढून उकळायचे. धुण्याची वेळ आली की हा कायम पसार व्हायचा, मग त्याला ती दिसणार कुठून?

जिन्यात त्याने मला गाठलं. डोळे भरले होते.

"ताई, कुठं चुकलं एवढं सांग. सातू बदलू का?"

"बदलून बघ."

"आणि यीस्ट?"

"तेही बघ. भाजणी जरा कमी कर."

त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली. मला दया येण्याची वेळ होती, पण ती आली नाही. आता तो माझा सातू काढेल, माझं यीस्ट काढेल, माझी भाजणी काढेल, आणि आंबट चव तेवढी राहील. माझी स्टाउट मरेल. मरू दे. त्याच्या घरात नांदण्यापेक्षा ते बरं.