डावीकडची नावं

ज्योत्स्नाच्या नाटकाच्या राजेगावच्या प्रयोगात नट तेजरामने भलत्याच पात्राचे संवाद म्हटले आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी ही विनोदी नाटकं लिहिणारी ज्योत्स्ना बालाघाटच्या कम्प्युटर सेंटरमध्ये बसली होती. नाटक टाइप करायला दोनपैकी कुठलं सॉफ्टवेअर बरं, पात्रांची नावं पानाच्या मधोमध टाकणारं की डावीकडे टाकणारं, हे ती ऑपरेटर रजतसोबत ताडून पाहत होती. तेवढ्यात तेजराम लोखंडी सळई घेऊन आत शिरला.

"नाव पानाच्या मधात, संवाद खाली! कोणाचं कोणतं, मले काय समजन?"

पहिल्याच फटक्यात मॉनिटर फुटला. आडवा आलेल्या रजतचं कपाळ दुसऱ्या फटक्याने फाटलं.

"तेजरामभाऊ, तालमीले काहून नाही आले मंग?" ज्योत्स्ना ओरडली.

उत्तरादाखल त्याने तिचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. हाताला लागलं ते कागद पंच करायचं जड यंत्र तिने उचललं आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. सळई खाली पडली आणि शेजारच्या दुकानदारांनी त्याला दाबून धरलं.

दवाखान्यात कपाळाला टाके पडल्यावर रजतने विचारलं, "दीदी, सॉफ्टवेअर कौन सा रखें?"



"डावीकडे नाव येते ते," ज्योत्स्ना म्हणाली. "पानाचं तेवढं तो खरं बोलला."

मग ती उठली आणि तेजरामविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्याकडे निघाली.