विकायला काढलेली सोंगं

सावळीराम गावित गेले आणि त्यांनी उभं केलेलं बोहाडा कला मंडळ शुभांगी पिंगळेच्या गळ्यात पडलं. ती मंडळाचं कार्यालय सांभाळायची. नाच ती कधी शिकली नव्हती. सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे लाकडी मुखवट्यांची सोंगं घालून केलेला नाच, पंचवटीतल्या मुलांना शिकवायचा, हेच मंडळाचं काम. पण अनुदान थांबलं, हॉलचं भाडं थकलं. विंचूरजवळच्या एका रिसॉर्टने भिंतीवरचे जुने मुखवटे विकत मागितले. नवी अध्यक्ष म्हणून शुभांगीने होकार दिला.

एप्रिलच्या भर दुपारी ती आणि खजिनदार महेश मुखवटे कागदात गुंडाळत होते. खाली टेम्पो उभा होता. वेताळाचा मुखवटा उतरवताना तिने हात झटकन मागे घेतला. लाकूड आतून ओलं होतं. कोमट.

"घाम आहे हा," ती म्हणाली.

"कुणाचा असेल, ताई? सावळीरामबाबा गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही."

महेशने आत बोट फिरवलं आणि वास घेतला. सावळीराम नाचून आले की असाच तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा.

घाबरल्याबद्दल शुभांगीला स्वतःचाच राग आला. तिने मुखवटा सरळ चेहऱ्यावर चढवला. आत अंधार होता, आणि तिच्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास चालू होता. संथ, म्हाताऱ्या माणसाचा.

भानावर आली तेव्हा ती फरशीवर बसली होती. तळपाय जळत होते. महेश भिंतीला टेकून हात जोडून उभा होता.

"काय झालं?"

"तुम्ही नाचत होतात. पुष्कळ वेळ."

"काही बोलले?"

"मला म्हणालात, महेशा, हॉल सोड. पोरं नको सोडू."

त्याला महेशा फक्त सावळीराम म्हणायचे.

तिने टेम्पोवाल्याला भाडं देऊन रिकामं परत पाठवलं. रिसॉर्टचा मॅनेजर फोनवर वाट्टेल ते बोलला. तिने ऐकून घेतलं. महिनाअखेर हॉल सोडला. मखमलाबादच्या लताबाईंची नात नाच शिकायला यायची. त्यांनी गुलाबाच्या मळ्याशेजारची मोकळी जागा फुकट दिली. पालकांनी वर्गणी सुरू केली आणि मंडळ तगलं.

पहिल्याच रविवारी संबळाच्या तालावर मुलं चुकली. शुभांगी उठली आणि पाऊल कसं टाकायचं ते तिने करून दाखवलं, सहज, जन्मभर नाचत आल्यासारखं. मुलं तिच्या मागे नाचू लागली.

महेश तिच्या सावलीकडे बघत राहिला. ती सावली सावळीरामांसारखी पाठीत वाकलेली होती. त्याने हे तिला कधीच सांगितलं नाही.